गेटच्या आत राहिलेला बा

मरकेगुडा,
२८ मे २०२३

चैतू,
तुले आणि हर्षाले जोहार.

बा गेल्याची खबर मले तो मातीत गेल्यावर भेटली. बिरजू कंडक्टरनं फाट्यावर गाडी थांबवली, खाली उतरला आणि सांगतलं. टेकडीवर टॉवर उभा आहे, पण त्याच्यात जीव नाई, मोर बसते त्याच्यावर. तू फोन लावून लावून थकला असशील. तुले बोल नाई लावत. माझी लहानी पोरगी सोमारी तापानं फणफणून राह्यली होती, नाई त मी पायी निघाली असती. बापाचं तोंड पाहणं नशिबात नव्हतं, काय करतं.

ही चिठ्ठी बिरजूपाशीच देऊन राह्यली. तुई बी त्याच्याच हाती पाठव, तो इमानाचा आहे. आपल्या बोलीत लिहिता आलं असतं त बरं झालं असतं. पण आश्रमशाळेत गोंडी बोललं की गुरुजी हातावर छडी मारत, मंग गोंडीत लिहाले कुठून शिकणार. मराठीतच रडून घेते.

मातीचं सारं नीट केलं ना? डोकं दक्षिणेले होतं ना?

आता मेन गोष्ट. बाले घरी आणलं का?

माय गेली तेव्हा तू लहान होता, तुले किती आठवते माहीत नाई. बा पाणी भराचा पितळेचा गुंडा घेऊन आपल्या नाल्यावर गेला. गुडघाभर पाण्यात उभा राहून त्यानं मायले नावानं हाक मारली. पहिलं जे जितं हाती लागलं, बारकी मासोळी होती, ते गुंड्यात घेऊन घरी आला. रातभर गुंडा देवाच्या कोपऱ्यात होता. सकाळी मासोळी परत त्याच नाल्यात सोडली. त्या दिवसापासून माय आपल्या घरची देव झाली आणि नव्या भाताचा पहिला घास तिले जाऊ लागला.

नवं खायाच्या आधी बा घरात पायजे, चैतू. नाई त तो बाहेरच राहीन, ना माणसांत ना देवांत. हे काम लेकाचं आहे, लेकीचं नाई. मी सहा देवांच्या घरात लगन होऊन आली, आपण सात देवांच्या कुळीचे. माझ्या हाकेनं बा उठत नाई. उठला असता त तुले लिहिलंच नसतं.

तुझी बाई,
सुकरी

•

नवं कोसमटोला,
११ जून २०२३

बाईले आणि भाटव्यांले जोहार.

चिठ्ठी भेटली. मातीचं सारं रीतीनं झालं. डोकं दक्षिणेलेच होतं. जागा मातर खाणीच्या धुळीची आहे, खड्डा खोदताना कोळशाचे खडे निघाले. बाकी काई कमी नाई पडली. सोमारी बरी झाली का ते कळव. तिच्यासाठी हर्षानं फ्रॉक घेऊन ठेवला आहे.

बाले आणाचं म्हणते त मीच तुले विचारतो, बाई, कुठून आणू? या कॉलनीत सारं आहे. सिमेंटचा रोड आहे, समाजमंदिर आहे, हातपंप आहे. नाला म्हणशील त खाणीतून येते तो. काळा. त्याले म्हैस बी तोंड लावत नाई. आता हातपंपाजवळ उभा राहून बाले हाक मारू काय? बाल्टीत काय येईन, गंज येईन.

आणि आपलं जुनं गाव तू पाह्यलं त ओळखणार नाई. घरं पाडली, बुलडोझर फिरवला, गवत पेरलं. आता त्याले कोसमटोला मेडो म्हणतात. चितळं चरतात तिथी. आपल्या परसातला आंबा तेवढा उभा आहे, त्याच्याखाली वाघीण बसते. तिच्यासाठी दिल्लीचे, बंगलोरचे लोक पहाटे रांग लावतात. मी गाईडची वर्दी घालून जिप्सीत पुढं बसतो आणि त्यांले दाखवतो. कोणी विचारते, इथं गाव होतं का? आमाले शिकवून ठेवलं आहे तेच मी सांगतो की पूर्वी इथे एक वस्ती होती, ती स्वेच्छेने बाहेर गेली. सांगता सांगता गाडी आपल्या चुलीवरून जाते.

नाल्यावरून बी जाते. सकाळच्या फेरीले आणि दुपारच्या फेरीले. पण गाडीतून पाय खाली ठेवाचा नाई, असा नियम आहे. गाईडनं ठेवला त त्याचं कार्ड गेलं. तू चिंता नको करू. काई ना काई करतो.

तुझा भाऊ,
चैतू

•

मरकेगुडा,
२६ जून २०२३

चैतू,

तुई चिठ्ठी वाचली आणि माझं डोकं फिरलं. तू रोज दोन वेळा बाच्या नाल्यावरून जातो आणि मले सांगतो नाला नाई? हातपंपाची गंमत करतो? बापाची माती ओली आहे अजून.

जंगलाच्या मोठ्या सायबाले भेट. डर नको. सायब बी माणूसच आहे, त्याले बी बाप असन. त्याले सांग, आमाले झाड नाई पायजे, लाकूड नाई पायजे, जमीन नाई पायजे. एक घडी पाण्यात उभं राहाचं आहे आणि बोटभर मासोळी न्याची आहे, ते बी सकाळी परत आणून सोडतो. शिपाई सोबत दे म्हणा, बंदूक घेऊन उभा राहू दे. वाघाले जागा दिली आपण, आपल्या मेलेल्याले तेवढी त्यानं द्यावी.

आणि एक गोष्ट नीट ऐक. गुंडा सोबत असल्याबिगर हाक मारू नको. गंमतीत बी नाई, मनात आलं म्हणून बी नाई. बा मले सांगे की मेलेला मातीत झोपून असते, हाक ऐकली की उठते, येऊन पाण्यात उभा राहते, ज्यानं हाक दिली त्याच्याकडे तोंड करून. मंग त्याले नेल्याबिगर परतता येत नाई. उठलेल्याले परत झोपवाची रीत आपल्यात नाई.

इकडं आभाळ भरून आलं आहे. गाडी बंद व्हायच्या आधी ही चिठ्ठी तुले भेटावी.

सुकरी

•

नवं कोसमटोला,
१ जुलै २०२३

बाईले जोहार.

तुझ्या चिठ्ठीची वाट पाह्यली, नाई आली. तिकडं रोडवर पाणी चढलं, म्हणून बिरजूची गाडी तीन-चार रोजांपासून बंद आहे म्हणतात. गाडी सुरू झाली की ही त्याच्यापाशी देईन.

मी सायबाले भेटलो. तू म्हणशील त्याच्या आधीच भेटलो, ते लक्षात ठेव. सायब भला आहे. त्यानं मले खुर्चीवर बसवलं, चहा पाजला. म्हणे, चैतू, मले समजते, माझी माय बी मागच्या साली गेली. पण आज तुले सोडलं त उद्या सारं कोसमटोला गुंडे घेऊन उभं राहीन, आणि मंग मी वर काय सांगू. मी चहा पिऊन उठलो. भल्या माणसावर राग बी धरता येत नाई, तेच वाईट.

काल शेवटचा दिवस होता. आता पावसाळाभर गेट बंद, आक्टोबरात उघडन. म्हणून मनात आलं की नेता नाई आलं त निदान बाच्या कानावर त घालावं. नाल्याच्या रपट्यावर, त्या ठेंगण्या पुलावर, ड्रायव्हरनं गाडी हळू केली तसा मी सीटवर उभा झालो. जिंदगीत कधी बाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. काल काढलं. म्हटलं, "पत्रू, घरी चल."

मागची बाई म्हणाली, टायगर? साऱ्यांनी कॅमेरे उचलले. मी म्हटलं, हो मॅडम, कॉल आला, चितळ ओरडलं. मंग ते सारे चूप बसून नाल्याकडे पाहत राह्यले. मी बी पाहत राह्यलो. पाणी थोडंसंच होतं, त्याच्यात काईच हाललं नाई.

पण बाई, खरं सांगतो, त्यानंतर छातीवरचं ओझं उतरलं. रातच्याले मले चांगली झोप लागली. हाक त पोचली ना. बा मोठा माणूस, समजून घेईन, असं हर्षा बी म्हणाली.

चैतू

•

मरकेगुडा,
१६ जुलै २०२३

चैतू,

आज गाडी आली आणि तुई चिठ्ठी भेटली. माझी मागची चिठ्ठी तुले आता भेटली असन. भेटली नसन त आधी ती वाच, मंग ही.

वाचली? मंग मी आता काय लिहू. पोरा, तू बाले उठवून ठेवलं आणि गाडीत बसून निघून आला.

तुले शिव्या द्यायले कागद घेतला होता. देता नाई येत. तुले कोणी सांगणारच नव्हतं. सांगणारा मेला आणि मी इथी नद्यांच्या पलीकडे. पण मले रडू थांबत नाई. चुलीपाशी बसली की वाटते, तिकडं नाल्याले पूर असन, आणि बा त्या पुरात उभा राहून रपट्याकडे पाहत असन. तो पाण्याले भीत होता, तुले माहीत आहे? वैनगंगेवर मार्कंड्याच्या जत्रेले नेलं होतं त्यानं मले, तेव्हा मले खांद्यावर बसवलं आणि स्वतः घोट्याच्या वर पाण्यात गेला नाई.

बा सांगे ते तुले सांगते. आता आपण दोघंच आहो सांगाले. आपला पणजा कोसमटोल्याचा नव्हता. गोऱ्या सायबाले रेल्वेसाठी सागवान पायजे होतं, तोडाले माणसं पायजे होती, म्हणून त्यानं हुकूम काढून माणसं नेली आणि जंगलात वसवली. तेच आपलं गाव. पणजाले या आमच्या बाजूनंच कुठून तरी नेलं म्हणते. कोणत्या गावाहून, ते बाले बी सांगता नाई आलं. पण पणजा जाताना आपल्या मायबापाले नदीतून हाक मारून गुंड्यात घेऊन गेला. पायी गेला, वाटेत पाणी बदलत बदलत. कोसमटोल्याच्या नाल्यात त्यांले सोडलं आणि तवापासून तो नाला आपला झाला. गोऱ्यानं जित्या माणसांले हुकमानं हाकललं, पण मेलेल्यांच्या वाटेत गेट नव्हता लावला. आता आपलंच राज आहे आणि बा आत राह्यला.

आक्टोबर कधी येईन.

सुकरी

•

नवं कोसमटोला,
५ सप्टेंबर २०२३

बाई,

तुझ्या दोन्ही चिठ्ठ्या एकामागं एक भेटल्या. वाचल्यावर लिहाले बसलो आणि कागद दोनदा फाडला, म्हणून उशीर झाला.

शेजाऱ्यांनी नवं खाल्लं. आम्ही जुनाच तांदूळ शिजवला. हेमराज विचारते, बाबा, आपल्याच घरी काऊन नाई? हर्षानं त्याले काई तरी सांगून खेळाले धाडलं. मी गेटवर गवत कापाच्या कामाले जातो. पाऊस पडला की नाल्याचा आवाज तिथवर येते. मी कानात गमछा बांधून काम करतो, मुकादम म्हणते सर्दी झाली काय.

गेट उघडन तेव्हा मी पहिल्या गाडीत राहीन. काय करीन ते लिहीत नाई. तू बी विचारू नको.

चैतू

•

नवं कोसमटोला,
६ आक्टोबर २०२३

बाईले, भाटव्यांले, पोरांले जोहार.

बा घरी आला.

पहिल्याच सकाळी माझ्या गाडीत नागपूरचं एक कुटुंब होतं, चांगली माणसं. गुंडा सोबत नेता येत नाई, गेटवर पिशवी तपासतात. पाण्याची मोठी बाटली नेली, मायच्या गुंड्यातलं पाणी तिच्यात भरून. रपट्यावर आलो तसं मी ड्रायव्हरले म्हटलं, थांबव. तो थांबला. त्याले वाटलं पंजाचे ठसे दिसले. मी उतरलो. बाई, सहा सालानंतर पायाले आपली रेती लागली. आधी नुसता उभा राह्यलो. मंग पाण्यात गेलो आणि हात घातला. हाक नाई मारली. हाक त तवाचीच होती.

मरळीचं पिल्लू आलं हाती. लगेच आलं, बाई. बोट पाण्यात बुडते न बुडते तोच आलं. मी त्याले बाटलीत घातलं तेव्हा गाडीतलं लहान पोरगं टाळ्या वाजवून राह्यलं होतं आणि त्याचा बाप मोबाईलवर शूटिंग काढत होता. ड्रायव्हर कपाळाले हात लावून बसला होता.

घरी आणून गुंड्यात सोडलं. या घराले देवाचा कोपरा नाई, सारी फरशीच आहे. हर्षानं खाणीच्या पलीकडून माती आणून एका कोपऱ्यात ओटा लिंपला आणि त्याच्यावर गुंडा ठेवला. दुसऱ्या दिवशी नवा भात केला, पहिला घास बाले दिला. हेमराजनं तीन वेळा मागून खाल्लं. कॉलनीतल्या म्हाताऱ्या येऊन बसल्या, गुंड्यात डोकावून रडल्या. त्यांचे बी आत राह्यले आहेत ना.

आता एकच अडचण आहे. सकाळी सोडाचं होतं, ते राह्यलं. सध्या मी सुट्टीवर आहो, गेटच्या आत जाणं होत नाई. काळ्या नाल्यात सोडाले हात होत नाई. रोज पाणी बदलतो. मरळ काटक असते, टिकून आहे. पण गोल गोल फिरते दिवसभर. काय करू ते कळव.

चैतू

•

मरकेगुडा,
१३ आक्टोबर २०२३

चैतू,

तुई चिठ्ठी मी घरधन्याले, तुझ्या भाटव्याले, वाचून दाखवली, मंग परत एकटीच वाचली. बोट बुडताच आला म्हणते. आला असनच, उभाच होता ना.

सुट्टी म्हणे. गेट उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात गाईडले कोण सुट्टी देते रे? मले येडी समजतो. असू दे. तू केलं ते लेकानं करावं तेच केलं. मी तुले बोलली त्याचं मले आता वाईट वाटते.

गुंड्यात फार दिवस ठेवता येत नाई. वाहत्या पाण्यात गेल्याबिगर बाले हिंडता-फिरता येणार नाई. म्हणून त्याले इकडं आण.

मी आमच्या भूमकाले विचारलं, देवाचं सारं तोच पाहते.  तो म्हणे, सात देवांचा माणूस सहा देवांच्या घरात बसू शकत नाई, आमच्या ओट्यावर त्याचा घास निघणार नाई. पण नदी कोणाच्या देवाची नाई. सोयरा म्हणून आला त राहू द्या. त्याचा घास चैतूच्या घरी निघन, चैतूच्या लेकानं बी तिथंच काढाचा. पाणी तेवढं इथलं.

बाले लेकीच्या गावी राहाले लाज वाटन. लगन झाल्यापासून एक मुक्काम नाई केला त्यानं माझ्या घरी, अंगणातूनच परते. पण आता त्याले दुसरी जागा नाई, आणि आपल्याले बी नाई. चंद्रपूरहून सकाळच्या गाडीनं नीघ. आलापल्लीले पाणी बदल. मांडीवर धरून बस, खाली नको ठेवू.

सुकरी

•

मरकेगुडा,
९ नोव्हेंबर २०२३

चैतू,

पोचला का ते कळव. हर्षाले सांग, सोमारी फ्रॉक अंगातून काढत नाई.

तू गाडीत बसला आणि मी परत नदीच्या डोहावर गेली. बाले तिथं सोडून घरी जायाले जीव होत नव्हता. तू गुंडा वाकवला तेव्हा तो लगेच गेला नाई, काठाशीच थांबला, ते तू बी पाह्यलं. मी गेली तेव्हा काठ रिकामा होता. मंग मी मोठ्यानं रडली, तू होता तोवर रडली नव्हती.

आता इथलं सांगते. मरकेगुड्यात भात आहे, मोहा आहे, पण तोंडी लावाले मासेच आहेत. भाटव्यानं त्या डोहात जाळं टाकणं बंद केलं. गाववाले बी भले आहेत, म्हणे, सुकरी, यंदा आम्ही बी टाकत नाई. यंदा म्हणे. पुढच्या साली मी कोणत्या तोंडानं सांगू? आणि मासोळी डोहातच राहते काय, ती वर जाते, खाली जाते. काल सोमारी फ्रॉकच्या घेरात मासे घेऊन आली. मी विचारलं, कुठचे? डोहातले नाई, वरचे आहेत म्हणाली. पोरांनी भाजून खाल्ले. मी त्यांले मना नाई केलं. नातवंडं उपाशी राहावी असं बाले कधी वाटलं नसतं. पण माझ्या गळ्याखाली घास नाई गेला. मी मासे सोडले, चैतू. भाटव्यानं पाह्यलं आणि माझ्या ताटात चटणी वाढली.

आता रोज पाणी भराले जाते तेव्हा बापाशी बोलते. तिकडचं सारं सांगते. तुई चिठ्ठी आली की काठावर बसून त्याले वाचून दाखवीन, पहिल्या अक्षरापासून. म्हणून लिहत राह्य. आणि काम लागलं नसन त लागलं म्हणून लिहू नको. मी वाचून घेईन, मले सवय आहे. पण बापाले खोटं वाचून दाखवणं माझ्याच्यानं होणार नाई.

तुझी बाई,
सुकरी